फाडलेला निकाल

कतारमध्ये रविवारी सुट्टी नसते. शुक्रवार-शनिवार आराम झाला की रविवारी सकाळी सगळे पुन्हा कामाला जुंपलेले. मुलगा अभिजित पहाटेच गॅस कंपनीच्या बसनं निघायचा, सून मधुरा बँकेत, नात नुपूर शाळेत. दोह्याच्या अल थुमामा भागातल्या त्या घरात मग उरायच्या कमलिनीबाई, एसीची घरघर आणि छपरावरून विमानतळाकडे उतरणारी विमानं. मुंबईत मात्र रविवार म्हणजे कोर्टाला सुट्टी. घर असं रिकामं झालं की शैलजाचा फोन यायचा.

शैलजा ही बाईंची थोरली, अभिजितपेक्षा आठ वर्षांनी मोठी. उच्च न्यायालयात न्यायाधीश. तिनं लग्न केलं नाही, आणि न्यायाधीश झाल्यावर मैत्रिणींकडे जाणंयेणंही हळूहळू बंद केलं. कोण उद्या कुठल्या खटल्यात समोर उभं राहील सांगता येत नाही, असं तिचं म्हणणं. मन मोकळं करायला उरली होती एक आई. फोन उचलला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "एकटी आहेस ना?"

"एकटीच आहे गं. बोल."

की मग ती बोलायची. कोर्टात दिवसभर दगडासारखी बसणारी ही बाई आईपाशी चिडायची, हसायची, कधी रडायचीसुद्धा. आणि आईपाशी बोललेलं कुठं जायचं नाही. कमलिनीबाईंनी उभी हयात नाशिकच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. ट्रंक कॉलच्या काळात अर्ध्या गावाच्या भानगडी त्यांच्या कानांवरून गेल्या, पण एक अक्षर ओठांबाहेर पडलं नाही. नवऱ्यानं खोदून खोदून विचारलं तरी त्या आपल्या भाजी निवडत बसायच्या. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता, आणि तो खोटाही नव्हता.

तर अशा या शैलजाचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी निघालं. तिथल्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळानं शिफारस केली, आता सरकारनं होकार द्यायचा बाकी होता. दोह्यातल्या मराठी मंडळींनी तर होकार यायच्या आतच पेढे वाटले. ग्रुपवर फुलांचे गुच्छ, हात जोडलेली चित्रं, "आपल्या कमलिनीकाकूंची लेक" म्हणून मायलेकींचा जुना फोटो. काकूंचा सत्कार करायचा म्हणून कुणीतरी त्यांचा नंबरही तिथं टाकून दिला.

तिकडं मराठी वाहिन्यांवर मात्र वेगळंच पेटलं होतं. चार वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयाचं छत कोसळून नवरीसकट माणसं गेली होती. ठेकेदार एका माजी मंत्र्याचा पुतण्या. खालच्या कोर्टानं त्याला शिक्षा दिली, आणि शैलजानं अपिलात त्याला सोडलं. विरोधी पक्ष म्हणे, त्या उपकाराची ही फेड आहे. सरकारी पक्षाचा प्रवक्ता तिची बाजू घेतल्यासारखं करायचा आणि जाता जाता तिनं सरकारविरुद्ध दिलेल्या जमिनीच्या निकालाची आठवण करून द्यायचा. खरं सांगायचं तर ती दोघांनाही नको होती, कारणं तेवढी वेगळी. पण भांडण असं रंगवायचे की बघणाऱ्याला वाटावं, देशाचा न्याय या दोघांच्याच खांद्यावर उभा आहे.

शनिवारी दुपारी घरात सगळे जेवायला बसले होते. टीव्ही चालूच होता. त्या दिवशी चर्चेत त्यांनी फुलाबाईला आणून बसवलं. गेलेल्या नवरीची आई. पदर नीट डोक्यावर घेऊन, मांडीवर हात ठेवून ती गप्प बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंचे पुढारी एकमेकांवर ओरडत होते. शेवटी सूत्रसंचालकानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माजी पोर हळदीच्या अंगानं गेली. त्या जजबाईला आई न्हाई का? तिच्या आईनं तिला काळीज दिलं न्हाई का?"

अभिजितनं झटकन आवाज बंद केला. "आई, तू हे बघू नकोस. खलास, बस झालं. जेव तू."

कमलिनीबाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. शैलजाला काळीज नाही? त्या निकालाच्या वेळचा रविवार त्यांना लख्ख आठवत होता. स्टेनोला सांगण्याआधी शैलजा निकाल हातानं लिहून काढायची. तिनं शिक्षाच लिहिली होती. मग पुन्हा कागद वाचायला बसली. ज्या इंजिनिअरनं सिमेंट खराब असल्याचा अहवाल दिला, तो साक्षीआधीच वारला होता. अहवाल कोर्टात सिद्धच झाला नव्हता, आणि त्याखेरीज दुसरा पुरावा नव्हता. "आई, तो दोषी आहे हे मला आतून ठाऊक आहे, आणि मला त्याला सोडावं लागतंय," असं म्हणून शैलजा फोनवर हुंदके देऊन रडली होती. लिहिलेला निकाल तिनं फाडला होता. हे जगात दोघींनाच माहीत होतं.

रविवारी सकाळी फोन नेहमीपेक्षा लवकर वाजला. बाईंनी शैलजाचा म्हणूनच उचलला.

"कमलिनी आजी का? मी गार्गी, बातम्यांच्या एका वेबसाइटसाठी काम करते. नाशिकचीच आहे मी. तुमच्याशी थोडं बोलायचं होतं. रेकॉर्ड केलं तर चालेल ना?"

पोरगी काही फसवी नव्हती, तिनं विचारून रेकॉर्ड केलं. आवाज गोड, बोलणं आपल्याकडचं. शैलजा लहानपणी कशी होती, अभ्यास कुठं करायची, असं विचारत विचारत ती म्हणाली, "आजी, काल फुलाबाई टीव्हीवर जे बोलल्या, ते ऐकून तुम्हाला काय वाटलं?"

आणि एवढी वर्षं बंद राहिलेलं तोंड उघडलं.

"काय वाटणार? त्या माउलीचं दुःख मला कळत नाही का? पण माझ्या मुलीला काळीज नाही म्हणू नका हो. आधी तिनं शिक्षाच लिहिली होती. मग कायद्यात बसत नाही म्हणून स्वतःच्या हातानं फाडली. लहान मुलासारखी रडली ती त्या दिवशी. हे त्या बाईला कुणीतरी सांगा."

मग गार्गी म्हणाली, "थँक यू, आजी. तुम्ही फार मोलाचं सांगितलंत."

बाईंना खूप हलकं वाटलं. फुलाबाईला आता कळेल, असं वाटलं. थोड्या वेळानं शैलजाचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला यातलं काही सांगितलं नाही. पोरीला आयतंच कळेल आणि बरं वाटेल, अशी त्यांची समजूत.

सोमवारी संध्याकाळी नुपूर शाळेतून आली ती मोबाइल नाचवतच. "आजी, यू आर ट्रेंडिंग!" मग तिनं खालची वाक्यं वाचली आणि तिचा चेहरा उतरला. मराठी तिला सगळं कळायचं, बोलायची तेवढी इंग्रजीत.

गार्गीच्या वेबसाइटवरून उचललेला बाईंचाच आवाज टीव्हीवर चालू होता. तेवढेच दोन तुकडे, पुन्हा पुन्हा. "आधी तिनं शिक्षाच लिहिली होती... स्वतःच्या हातानं फाडली." कायद्याचं आणि रडण्याचं पुढचं सगळं कापलेलं. खाली लाल पट्टी: निकाल कुणी बदलायला लावला? विरोधी प्रवक्ता विचारत होता, कागद फाडायच्या आधी न्यायाधीशबाईंना कुणाचा फोन आला होता? सरकारी प्रवक्ता आज बचाव करायच्या भानगडीतच पडला नाही. घरात बसून निकालाची चर्चा करणारी व्यक्ती सर्वोच्च न्यायालयात कशी बसवायची, हा गंभीर प्रश्न आहे, असं तो म्हणाला. इतके दिवस एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे ते दोघे पहिल्यांदाच एकमेकांच्या बोलण्याला माना डोलवत होते.

अभिजित कामावरून आला तो बूटही न काढता आत आला. "आई, काय करून बसलीस हे? ताईचं आयुष्यभराचं काम आहे गं!"

"मी चांगलंच सांगायला गेले रे," बाई म्हणाल्या. टीव्हीवरचा तो आवाज आपला आहे हे त्यांना पटत होतं आणि सहनही होत नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला कुणी हात लावला नाही. अभिजितनं खूप विचार करून तोडगा काढला. आईनं एक छोटा व्हिडिओ करायचा. माझं वय झालंय, मला हल्ली काही आठवत नाही, एकाचं दुसऱ्याला जोडते, मुलगी खटल्यांबद्दल माझ्याशी कधीच बोलली नाही. बस्स, एवढं म्हणायचं.

मधुरा म्हणाली, "अरे, असं कसं त्यांना वेडं ठरवायचं?"

"ठरव," कमलिनीबाई म्हणाल्या. "मला काय करायचंय आता शहाणपण? लोकांनी म्हातारी बावचळली म्हटलं तर म्हणू देत." ज्या डोक्याचा त्यांना गर्व होता तेच डोकं त्या मुकाट्यानं द्यायला निघाल्या. त्यांनी केस नीट केले, धुतलेली साडी नेसली आणि सोफ्यावर बसल्या. नुपूरनं मोबाइल धरला. अभिजितनं लिहून दिलेली वाक्यं त्यांनी एका दमात म्हटली, एक शब्दही न विसरता. ते बघून अभिजितनं तोंड फिरवलं.

पाठवण्याआधी ताईला विचारावं म्हणून त्यानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळं सांगून टाकलं.

"आई आहे का तिथं?" शैलजानं विचारलं.

"आहे."

"व्हिडिओ पुसून टाक, अभि. आई बोलली ते खरं आहे. मी तिला सांगितलं होतं. न्यायाधीशानं असं कुणाला सांगायचं नसतं, आईलासुद्धा नाही. चूक माझी आहे. आईला वेडी ठरवून मला दिल्लीला जायचं नाही. माझ्या नावाला दिलेली संमती मी मागे घेतेय, सकाळी कळवते."

"ताई, अगं, ऐक तरी..."

"आईला झोपायला सांग. तिला बीपी आहे."

एवढंच. ती ओरडली असती, चार शब्द बोलली असती, तर बाईंना सोसलं असतं. ती तर सगळा दोष स्वतःच्याच पदरात घेऊन मोकळी झाली. आईला रागावण्याइतकीसुद्धा जागा तिनं ठेवली नाही.

मंगळवारी नाव मागे गेलं. बुधवारी दुसऱ्या कुणाचं नाव चर्चेत आलं, आणि तेच दोन प्रवक्ते नव्या दमानं भांडायला लागले. दोह्याच्या ग्रुपवर सत्काराचं कुणी काढलं नाही. गुरुवारी तिथं दिवाळी फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या.

शुक्रवारी बाईंनी टीव्हीवर फुलाबाईला पुन्हा पाहिलं. शेवटचंच. वाहिनीवाल्याला वाटलं असावं, बाई आता समाधानानं दोन शब्द बोलेल. तिच्यापुढं माइक धरून त्यानं विचारलं, "न्यायाधीशांचं नाव रद्द झालं, आता कसं वाटतंय?"

फुलाबाई कॅमेऱ्याकडं बघत नव्हती. "एकडाव लिव्हलं व्हतं म्हंत्यात," ती म्हणाली. "माज्या पोरीला न्याव एकडाव कागदावर लिव्हला व्हता. मंग फाडला. ह्ये मला कशाला सांगितलं? न्हाईच मिळाला म्हणून मी गप झाले व्हते. आता रोज त्यो कागद दिसतुया."

कमलिनीबाईंनी टीव्ही बंद केला. ज्या माउलीला धीर द्यायला त्या बोलल्या, तिच्या जखमेत त्यांनीच बोट घातलं होतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या, उगीच डबे पुसत बसल्या आणि ओट्याला टेकून पोटभर रडल्या. मधुरानं विचारलं तेव्हा कांदा चिरत होते म्हणाल्या. ओट्यावर कांदा नव्हता, पण मधुरा काही बोलली नाही.

रविवार आला. घर रिकामं झालं. बाई आंघोळ करून, गोळ्या घेऊन फोनजवळ बसल्या. आज तो येणार नाही असं त्यांनी मनाला बजावून ठेवलं होतं. पण नेहमीच्या वेळेला तो वाजला. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"हॅलो, शैला?"

"हं, आई. गुडघा कसा आहे?"

"बरा आहे."

"गोळ्या संपत आल्या असतील. अभिला सांगून ठेव. ऊन कमी झालं का तिकडं?"

"झालं थोडं. सकाळी खिडकी उघडता येते आता." बाईंनी वाट पाहिली. पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. "तुझं कसं चाललंय? कोर्ट?"

"चाललंय." आवाजात राग नव्हता, अढी नव्हती. मृदू, व्यवस्थित आवाज. एक्सचेंजमध्ये अनोळखी गिऱ्हाइकाशी कमलिनीबाई स्वतः असंच बोलायच्या. "नुपूरची परीक्षा कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात." बाईंना राहवलं नाही. "शैला, मला रागाव तरी गं."

"राग नाही आई. खरंच नाही." आणि ते खरं आहे हे बाईंना कळलं. तेच सगळ्यात वाईट होतं. "बरं, ठेवू मग? पुढच्या रविवारी करते."

तिनं तो नेहमीचा पहिला प्रश्न अजून विचारला नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारला नव्हता. कमलिनीबाईंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.

"शैला, मी एकटीच आहे गं."

"हो का?" शैलजा म्हणाली. "मग मधुराला सांग, सकाळच्या वेळी कुणाला तरी सोबतीला ठेव. या वयात एकटं राहू नये."