एक्केचाळिसावं पान

किटलीचं झाकण खडखडलं आणि तूरिया दचकली. खळीचा ब्रश हातात तसाच धरून ती धावली, गॅस बंद केला, पाळण्याकडे पाहिलं. बाळ निजलेलंच होतं. शुक्रवारचा कुसकुस खाऊन अख्खं सेफ्रू गाव आडवं झालं होतं. तिच्यासमोर मात्र जमिनीवर अडतीस पुस्तकं पसरलेली होती.

शाळेत आलेला हुकूम दोन ओळींचा होता. पहिलीच्या पुस्तकातलं एक्केचाळिसावं पान सोमवारच्या आत पांढऱ्या कागदानं झाकावं. पालकांशी त्याविषयी बोलू नये.

त्या पानावर एक आजी कोंबड्यांना दाणे टाकायची आणि पुस्तकी भाषा सोडून घरात बोलतात तसंच बोलायची. तीन आठवडे टीव्हीवर त्या आजीचे वाभाडे निघाले. एका प्राध्यापकानं ते पान हेल काढून वाचून दाखवलं, तेव्हा सगळा स्टुडिओ खो खो हसला. "पोरांना आधी ओळखीचं वाचू द्या," असं दुसरा म्हणत होता, पण त्याला कुणी वाक्य पुरं करू दिलं नाही. मग सह्या झाल्या, मोर्चे निघाले, रेडिओवर फोनांचा पाऊस पडला. मंत्रालयानं तिसऱ्या आठवड्यात मान तुकवली.

"हनियाचं तरी राहू दे की," दारातून नवरा म्हणाला. "एका पुस्तकानं कोणाचं काय बिघडणार आहे?"

"मुख्याध्यापक मोजून घेणार आहेत. आणि माझी नोकरी अजून कच्चीच आहे, अब्दलइलाह. तू बाळाला घे, उठेल आता."

हनिया तिसऱ्यांदा पहिलीत होती. अक्षरं तिच्यासमोरून मेंढरांसारखी निघून जायची. मार्चमध्ये हे पान उघडलं आणि पोरीनं बोट ठेवून आख्खी ओळ वाचली. तूरियानं टाळ्या वाजवल्या, तशी ती हसत सुटली. "बाई, ही तर माझी आजीच बोलतेय!" त्या दिवसापासून ती मागची पानंही खोदायला लागली होती, हळूहळू, एकेक शब्द. सुट्टीपर्यंत वाचता आलं नाही तर बाप तिला फेस शहरात पाठवणार होता, आत्याच्या ओळखीच्या घरी भांडी घासायला.

हनियाच्या पुस्तकात कोंबड्यांभोवती बोटांचे डाग पडले होते. तूरियानं त्यावर कागद लावला. कोपरा सुटू नये म्हणून वरून हातही फिरवला.

सोमवारी हनियाचा बाप बुश्ता वर्गाच्या दाराशी आला. कोळसा विकणारा माणूस. हात नुसते काळे, म्हणून ते पाठीमागे धरलेले. मुख्याध्यापक पुस्तकं मोजत तिथंच उभे होते.

"बाई, एकदाच पोरीचं वाचन ऐकून जातो. म्हणजे तिच्या आत्याला काय ते कळवता येईल."

हनियानं सरळ ते पान काढलं आणि थबकली. मग पुस्तक खिडकीकडे उचलून उजेडात धरलं. काही दिसलं नाही. मुख्याध्यापकांनी पुढचं पान उलटून दिलं. पोरगी पहिल्या शब्दाशी झटली, दुसऱ्यावर अडली, घामेजली. मग पुन्हा मागं येऊन तिनं कोऱ्या कागदावर बोट ठेवलं आणि घडाघडा बोलत सुटली. आजी, कोंबड्या, दाणे, सगळं.

बुश्ता खिन्नपणे हसला. "कोऱ्या कागदावर कोण वाचतं गं? पाठ केलंयस तू."

"नाही बाबा, मी वाचलंय! परवा-परवापर्यंत इथं होतं."

"ते आजीचं पान ना? मीच रेडिओवर फोन केला होता त्याच्याविरुद्ध. घरचं बोलणं घरी होतंच की. शाळेत शिकलेल्यांची भाषा शिकवा, म्हटलं मी. चुकलं का माझं, बाई?"

तूरियानं तोंड उघडलं. मुख्याध्यापकांनी मोजलेल्या गठ्ठ्यावर हात ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"येतो मग," बुश्ता म्हणाला. "चल हनिया, दप्तर घे."

हनियानं दप्तर घेतलं नाही. ती तूरियासमोर येऊन उभी राहिली.

"बाई, तुम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या ना? मग ते वाचणं नव्हतं का?"