चौथ्या सायकलीची जागा

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे. जुनी म्हणजे लोक कौतुकाने फोटो काढतात तसली नव्हे. भंगारात निघालेली जुनी. एका वेल्डिंगच्या वर्कशॉपमागे पत्र्याच्या कुंपणाला टेकून मी उभी आहे. माझी पुढची दोन्ही चाकं काढून नेली आहेत, त्यामुळे तोंड खाली आणि पाठ वर अशी माझी अवस्था झाली आहे. येत्या आठवड्यात गॅस कटर घेऊन माणसं येतील. कुणी मला वाचवील अशी आशा मला नाही, आणि तुम्हीही ती धरू नका. जायच्या आधी माझी हकिगत कुणाला तरी सांगावी एवढंच वाटतं. मोठ्या माणसांना वेळ नसतो, म्हणून तुम्हाला गाठलं.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा आम्ही सगळ्या बहिणी पांढऱ्या होतो. एकीला झाकावं अन् दुसरीला काढावं, इतक्या सारख्या. माझ्या नशिबी लाँड्री आली. अकरा वर्षं मी हॉस्पिटलच्या चादरी वाहिल्या. सकाळी मळकी गाठोडी, दुपारी धुतलेली. माझ्या पोटात ना सीट होती ना खिडकी. कौतुकाचं म्हणाल तर शून्य. क्लच तुटला त्या दिवशी मात्र सगळ्यांना माझी आठवण झाली, तीही शिव्या देण्यापुरती. पुढे लाँड्री बंद पडली आणि एका वेल्डरने मला घरी आणलं.

हा वेल्डर पन्नाशीचा, अबोल माणूस. त्याने माझ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, ठिकठिकाणी टकटक करून पाहिलं आणि मग आपल्या थोरल्या बहिणीला बोलावलं. या ताई पूर्वी शिवणकाम करायच्या. चाळिशीनंतर त्यांची नजर हळूहळू गेली, ती पूर्णच गेली. त्यांनी माझ्या अंगावरून हात फिरवला, मागच्या दारातून आत डोकं घातलं आणि म्हणाल्या, "साबणाचा वास येतोय रे. छान आहे. ठेव हिला."

मित्रांनो, अकरा वर्षांत मला कुणी छान म्हटलं नव्हतं. मी तिथेच विरघळले.

आता मला कशासाठी आणलं ते सांगते. ताईंची आठ जणांची एक टोळी होती. चौघांना दिसत नसे, चौघांना दिसत असे. त्यांच्याकडे चार जोडसायकली होत्या. जोडसायकल म्हणजे दोन सीटची, दोघांनी मिळून चालवायची लांबलचक सायकल. ज्याला दिसतं तो पुढे बसतो आणि हँडल सांभाळतो, ज्याला दिसत नाही तो मागे बसतो आणि पॅडल मारतो. ताईंच्या पुढे एक निवृत्त बसड्रायव्हर बसायचे. त्यांना सगळे काका म्हणत. आणखी एक गृहस्थ होते, त्यांचं नाव पडलं होतं रेडिओ, कारण ते एकदा सुरू झाले की बंद होत नसत. त्यांच्या पुढे कॉलेजातली एक मुलगी बसायची आणि त्यांची बडबड ऐकून ऐकून तिचे कान किटायचे.

अडचण एकच होती. शहरातल्या रहदारीत या सायकली चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. तासाभराच्या अंतरावर कालव्याच्या काठाने चौदा किलोमीटरचा सरळ, रिकामा रस्ता होता. पण बसवाले एवढ्या लांब सायकली घेत नसत. ताईंनी दोन वर्षांत सायकलला पायसुद्धा लावला नव्हता. आठ माणसं आणि चार जोडसायकली एकदम नेणारी गाडी हवी होती. ती गाडी मला व्हायचं होतं.

वेल्डरने तीन आठवडे माझ्यावर काम केलं. दोन बाजूंचा पत्रा कापून खिडक्या बसवल्या. आधी तो ज्यांना दिसतं त्यांच्या बाजूलाच खिडक्या करणार होता. त्यावर रेडिओ म्हणाले, "का हो, वारा काय फक्त बघणाऱ्यांनाच लागतो?" मग सगळ्यांना खिडकी मिळाली. एका मोडीत निघालेल्या बसच्या सीट आणून दोन रांगा केल्या. दाराशी दांडी लावली, पायरी केली. ताई रोज येऊन प्रत्येक गोष्ट बोटांनी तपासायच्या. "इथे अजून कानस मार, टोचतंय," असं त्या म्हणायच्या आणि हा मुकाट्याने मारायचा. त्या दिवसांत मी स्वतःवर भलतीच खूश होते.

सीटच्या मागची जागा सायकलींची. पुढचं चाक काढून सायकल तळाच्या पकडीत उभी अडकवायची. हँडलं एकमेकांत गुंतू नयेत म्हणून एकीचं तोंड पुढे, दुसरीचं मागे. अशा तीन सायकली झकास बसल्या. चौथी बसेना. माझ्या उजव्या अंगाला तळापासून छतापर्यंत एक जाड लोखंडी खांब होता. चौथीचं हँडल त्या खांबाला अडत होतं. कमी पडत होती फक्त चार बोटं. हँडल फिरवून पाहिलं, पॅडल काढून पाहिलं, तिरकी घालून पाहिली. टपावर चढवावी तर वाटेतल्या पुलाखालून जाता येईना. वेल्डरने हात टेकले.

ती चौथी सायकल ताईंची होती.

शनिवारी दुपारी तो एकटाच वर्कशॉपमध्ये आला. बराच वेळ खांबावर हात ठेवून उभा राहिला. त्याला कळत नव्हतं असं नाही. आयुष्यभर लोखंडात काम केलेला माणूस, कुठला खांब कशासाठी असतो हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याने ग्राइंडर सुरू केला आणि गुडघ्याच्या उंचीपासून खांद्याच्या उंचीपर्यंतचा खांब कापून काढला. मग छताला दोन लोखंडी अँगल जोडले, स्वतःची समजूत घातली आणि कापलेल्या जागेवर प्लायवूडचा तुकडा ठोकून दिला. रंगही लावला.

संध्याकाळी ताई आल्या. "बसली?"

"बसली."

"कशी रे? काल तर बसत नव्हती."

"थोडं इकडंतिकडं सरकवलं."

ताईंनी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. वेल्डर पाठ फिरवून हत्यारं गोळा करू लागला. खरं सांगते, मलाही तेव्हा आनंदच झाला. कापलेली जागा दुखत होती, पण एवढ्या आनंदात कोण तिकडे लक्ष देतो?

पुढची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. दर रविवारी पहाटे काका मला सुरू करायचे. रेडिओ पहिल्या वळणापासून विचारायचे, "आता उजवीकडे काय?" आणि ती मुलगी कंटाळून सांगायची, "हत्ती." कालव्यावर पोचलं की सायकली खाली उतरायच्या, चाकं लागायची, घंट्या वाजायच्या आणि सगळे जोडीजोडीने निघून जायचे. मी झाडाखाली उभी राहून वाट बघायचे. दोन तासांनी ती मंडळी घामाघूम होऊन परत यायची. ताईंचा चेहरा लाल झालेला असायचा. एकदा त्या माझ्या पायरीवर बसून काकांना म्हणाल्या, "आठवड्यातून एवढाच वेळ मला कुणी हाताला धरून नेत नाही." काकांनी पाण्याची बाटली पुढे केली.

मग माझं मागचं दार अडकू लागलं. काका म्हणायचे, "बाईसाहेब रुसल्या." वेल्डर यायचा, कडी घासून द्यायचा आणि महिनाभर दार नीट लागायचं. खांब गेल्यापासून माझं छत एका अंगाला कलत होतं, चौकट पिळत होती, म्हणून दार अडकत होतं. हे त्याला समजलं नसेल असं मला वाटत नाही. तो प्लायवूडकडे कधीच बघत नसे. एका रविवारी गतिरोधकावरून जाताना माझ्या पुढच्या काचेला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. आत सगळे हसत होते. त्यांना वाटलं दगड उडाला.

त्यानंतरच्या महिन्यात माझी सरकारी तपासणी आली. तपासणाऱ्या बाई फार बारकाईने बघणाऱ्या होत्या. त्यांनी प्लायवूडवर बोटाने वाजवलं, आवाज पोकळ आला, म्हणून तो उचकटायला लावला.

"हे कुणी कापलं?"

"मी," वेल्डर म्हणाला.

"यात आठ माणसं बसतात? गाडी कलंडली तर छत सरळ डोक्यावर येईल त्यांच्या."

"परत जोडून देतो. दोन दिवसांत."

"आता जोडून काय उपयोग? अख्खी चौकट पिळली आहे. हिला रस्त्यावर आणू नका." बाई रागावल्या नव्हत्या. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

घरी येऊन त्याने ताईंना सांगितलं, "इंजिन गेलं."

मित्रांनो, माझं इंजिन ठणठणीत होतं. या एका खोट्यापायी सात महिने सगळे दुसऱ्या इंजिनाची वाट बघत बसले. दुसरी गाडी शोधावी असं कुणाच्या मनातच आलं नाही, कारण मी दुरुस्त होणारच होते. तेवढ्यात त्या कॉलेजातल्या मुलीला दुसऱ्या गावी नोकरी लागली. काकांचा गुडघा गेला. एक जोडी आपसांत भांडून वेगळी झाली. रेडिओ दर शनिवारी फोन करायचे, "उद्या?" नंतर एक शनिवार सोडून करू लागले. मग फोन बंद झाले. भिंतीवर टांगलेल्या सायकली शेवटी एका तळ्याकाठच्या बागेत गेल्या. तिथे हौशी जोडपी त्यांच्यावर बसून तळ्याला चक्कर मारतात.

मागच्या महिन्यात एका दुपारी ताई काठी टेकत एकट्याच माझ्याकडे आल्या. दार ओढून ओढून उघडलं. थोडा वेळ आपल्या सीटवर बसल्या. मग चाचपडत मागे गेल्या, जिथे त्यांची सायकल उभी असायची तिथे. तपासणीत काढलेला प्लायवूड कुणी परत लावला नव्हता. त्यांचा हात खांबाच्या खालच्या तुकड्यावर पडला. बोटं त्याच्या कापलेल्या कडेवरून फिरली. मग हात वर गेला आणि वरचा तुकडा सापडला. मधली मोकळी जागा त्यांनी वितीने मोजली. मग खाली वाकून सायकलची पकड शोधली, आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

त्यांनी भावाला हाक मारली. तो आला आणि दारातच थांबला.

"हे माझ्या सायकलसाठी?"

"चार बोटं कमी पडत होती, ताई."

"अरे, तीन बसत होत्या की."

"तुझीच राहत होती."

"मग राहू द्यायची. पाळी लावली असती. तीन रविवार गेले असते, चौथ्या रविवारी घरी बसले असते. सगळेच बसले असते आळीपाळीने. एवढं सोपं होतं रे."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. एक दिवस." मग त्या म्हणाल्या, "मला विचारायचं तरी."

तो रडू लागला. त्यांनी त्याची समजूत घातली नाही. पायरी उतरायला हात मागितला, उतरल्यावर तो सोडला आणि काठी टेकत निघून गेल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत. वेल्डर रोज येतो, काम करतो, पण वर्कशॉपची मागची खिडकी त्याने बंद करून टाकली आहे.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. ती वेळ गेली. पण तुमच्या घरात कुणी असं असेल, ज्याला दिसत नाही, चालता येत नाही, किंवा जो नुसताच म्हातारा आहे, तर त्याच्यासाठी काही करायच्या आधी त्याला एकदा विचारा. तुम्ही त्याच्या आनंदासाठीच धडपडत असाल, तरीही विचारा. तो कदाचित म्हणेल, तुम्ही पुढे जा, या वेळी मी थांबतो. त्याला तसं म्हणू द्या. ताईंना ते कधीच म्हणता आलं नाही, आणि आता 'या वेळी मी थांबते' असं त्यांनी म्हणावं अशी एकही फेरी उरलेली नाही.