पत्रिका उघडण्याआधी

मित्रांनो, माझी काच तडकली आहे आणि आवाज खरखरतो, तरी माझी बाजू मी सांगणारच. मी कौशल्याबाईंचा जुना मोबाईल. बाई साठीनंतर अक्षरं शिकल्या, तेव्हा त्यांचा भाचा लखन याने मला त्यांच्या हाती दिलं. त्याचे वडील भागवत, म्हणजे बाईंचे भाऊ, मेंढरं घेऊन माजलगावकडे असायचे. त्यांचे निरोप बाई एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायच्या.

"निरोपाला कुलूप असतंय आत्या. वाटंत कुणाला वाचता येत न्हाई," असं लखनने सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं.

एका सकाळी मांजरसुंब्याच्या सोयऱ्यांच्या नंबरावरून लग्नपत्रिका आली. सोयऱ्यांची पत्रिका न उघडणं म्हणजे त्यांचा अपमान. तिच्यावर बोट पडताच मी विचारलं, अनोळखी ॲप बसवू का? बाईंनी घाईने होय दाबलं. पत्रिकेच्या आत चोर होता. वाटेवरच्या कुलपाला त्याने हातही लावला नाही, थेट माझ्यात येऊन बसला आणि बाईंच्या नावाने तीच पत्रिका सगळ्यांना धाडू लागला.

दुपारपर्यंत चार घरचे फोन बिघडले. बाई लोकांना फसवतात असं बोललं जाऊ लागलं. सख्ख्या भावाने कळवलं की तुझ्या नावाचं यापुढे काही उघडणार नाही.

लखनने मला पुसून कोरं केलं. चोर गेला, नातीचे फोटोही गेले. "आत्या, दी ठिवून कपाटात. तुझं वय न्हाई हे," तो म्हणाला.

"चोर भ्याला न्हाई, मग मी कावून भिऊ? आण इकडं."

अक्षरं गिरवताना बाईंनी वहीत सगळ्यांचे नंबर लिहिले होते. त्या वहीवरून त्यांनी चाळीस घरी फोन लावले. एका जावेने टोमणा मारला की शिकलीस ती पत्रिका वाटायलाच का. बाईंनी तो ऐकून घेतला आणि ती पत्रिका पुसायला लावली. शेवटचा फोन भावाला होता. भागवत हळूहळू मेंढरांचं सांगू लागले.

पुढच्या आठवड्यात परमेश्वर नावाच्या पाहुण्यांची पत्रिका आली. बाईंनी ती न उघडता फोन केला. पाहुणे रुसले. "पत्रिका उघडायचं बी भ्याव वाटतंय का?"

"मान तुमचाच हाय, म्हणून तुमच्या तोंडून ऐकते. नवरीचं नाव सांगा."

"आरोही," ते म्हणाले, आणि तारीखही सांगितली.

मित्रांनो, कुलपावर भरवसा ठेवा, पण वाटेपुरताच. दार तुमचं बोट उघडतं. भीतीने मला कपाटात टाकू नका. दाबण्याआधी फोन लावून विचारा, माणूस रुसला तर रुसू द्या.