सगळं हिरवं

"काका, आमच्या टेबलावरचा मॉनिटर पंधरा मिनिटं बंद आहे! तुम्हाला तिकडे दिसत नाही का?" अतिदक्षता विभागातल्या सिस्टर फोनवर चांगल्याच तापल्या होत्या.

खाली सर्व्हरच्या खोलीत यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या काकांनी पडद्याकडे पाहिलं. रुग्णालयाची एकशे बारा यंत्रं, एकशे बारा हिरवे ठिपके. आणि यादीच्या तळाशी एकशे तेरावा, 'घर'. तोही हिरवा.

ते पडद्याजवळ सरकले. 'घर' म्हणजे बायकोचा फोन. तिने अंथरूण धरलं तेव्हा त्यांनी तो गुपचूप यादीत घुसवला होता. ती जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून ठिपका लाल होता आणि तो पुसायला त्यांचा हात धजत नव्हता.

त्यांनी मुलीला फोन लावला. "आईचा फोन चालू केलास का गं?"

"नाही हो बाबा. कपाटात बंद पडलाय. का?"

"काही नाही. सहज."

सर्व्हरचं कर्नेल, म्हणजे त्याच्या प्रणालीचा गाभा, त्यांनी सकाळीच बदललं होतं. नव्या कर्नेलशी टेहळणीच्या जुन्या प्रोग्रॅमचं जुळलं नव्हतं. यंत्रांची उत्तरं त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. मग हे ठिपके कोण पेटवत होतं? बंद खोलीत पंखे घरघरत होते आणि 'घर' शांतपणे हिरवं होतं.

प्रोग्रॅम उघडून वाचल्यावर उलगडा झाला. साहेबांची आरडाओरड नको म्हणून दहा वर्षांपूर्वी त्यांनीच एक शहाणपणा करून ठेवला होता: काहीच कळेनासं झालं, तर सगळं हिरवं असतानाची शेवटची नोंद दाखवायची. नोंदीवर चार महिन्यांपूर्वीची तारीख होती. दुपारचे तीन चाळीस. त्यानंतर सगळं हिरवं कधी झालंच नव्हतं.

तीन चाळीसला ती होती.

फोन पुन्हा खणाणला. "काका, पेशंटपाशी मी एकटी किती वेळ उभी राहू?"

"आलोच, सिस्टर."

ही नोंद राहिली तर उद्या पुन्हा असंच फसवणार. त्यांनी ती पुसली. मग प्रोग्रॅम नव्या कर्नेलसाठी पुन्हा बांधला आणि सुरू केला. ठिपके विझले, एकेक करून परत आले. अतिदक्षता लाल. काका धावत वर गेले, नेटवर्कचा जळालेला स्विच बदलून आले.

साहेब दारातून डोकावले. "झालं का सगळं? तो खाली एक लाल दिसतोय."

"तो खराच लाल आहे, साहेब," काका म्हणाले.