बाभळीवर टांगलेला तवा

मी एक जुना लोखंडी तवा आहे, मित्रांनो. पण भाकरीचा नव्हे बरं का! भाकरीचा तवा घरातल्या चुलीवर मिरवतो. मी वशाटाचा तवा, म्हणजे मासळी-कोंबडीचा. घराचा उंबरा मला कधी ओलांडू दिला नाही. अंगणातल्या लिंबाखाली तीन दगड मांडले होते, तेच माझं घर. आधी मला याचा फार राग यायचा.

उमापूरच्या बाजारात शफी मिस्त्रीनं मला जाड पत्र्यातून ठोकून काढलं. "घे बाई, नातवंडांनाबी पुरंल," म्हणत त्यानं मला केशरबाईच्या हाती दिलं. तिचा नवरा बंकट भोई गावच्या तलावात जाळं टाकायचा. बहात्तरच्या दुष्काळात गावानंच खडी फोडून, माती वाहून तो तलाव बांधला होता. पुढं तिथं मच्छीमारांची सोसायटी झाली आणि बंकट तिचा सभासद झाला.

केशरबाईची तव्यावरची काळी मासळी गावात नावाजलेली. खोबरं, तीळ, दगडफूल, मिरच्या पार काळ्या होईतो भाजून ती मसाला कुटायची. तो तेलात कालवून तुकड्यांना चोळायची, मला धूर निघेपर्यंत तापवायची आणि तुकडे ठेवून हात बांधून बसायची. कोंबडीची तंगडी असली तर वर वरवंटा ठेवून दाबायची. धुरानं शेजारणी खोकायच्या, आणि खोकत खोकत वाटी घेऊन यायच्या! एखादीनं मधेच उलथनं घातलं की केशरबाई ओरडायची, "थांब की गं! कावून घाई करती? भाजलं की तवा आपोआप सोडतोय." खरंच होतं ते. घाई करणाऱ्याचा तुकडा मी मुद्दाम धरून ठेवायचो.

मग बंकट वारला आणि त्याच साली पुन्हा दुष्काळ पडला. तलाव आटत आटत बांधाच्या भिंतीशी एक डबकं उरलं. मासे मेले, कावळ्यांनी नेले. राहिली ती मरळीची एक जोडी. मरळ श्वास घ्यायला पाण्यावर येते, त्यामुळे काठावरून सगळ्यांनाच ती दिसायची. सोसायटीनं ठराव केला, पाऊस पडून पिल्लं दिसेपर्यंत कुणी जाळं टाकायचं नाही. तळ्याचं बी होतं ते. गावाबरोबर केशरबाईनंही ठरावावर अंगठा उठवला होता.

पण ती अजून सभासद नव्हती. नवऱ्याच्या जागी तिचं नाव लागलं तरच तिला तलावात जाळं टाकता येणार होतं, नाहीतर तिची चूल कशावर पेटायची? चेअरमन सुंदरराव म्हणाले, "रविवारी दुपारी जेवायला येतो वहिनी, मग बघू." केशरबाईनं घरातली शेवटची कोंबडी त्यांच्यासाठी राखून ठेवली.

रविवारी सकाळी तिचा दीर धोंडीराम ओल्या पोत्यात काहीतरी गुंडाळून आला.

"वैनी, चेरमनला कोंबडी घालती व्हय? काळी मरळ घाल. नाव लागलंच समज!"

"भाऊजी, ही डबक्यातली हाय."

"मेलीया आता. परत सोडून जित्ती होणार न्हाई."

केशरबाईनं मरळ चिरली. पोटात पिवळ्या अंड्यांची गच्च लड होती. विळी तशीच ठेवून ती कितीतरी वेळ बसून राहिली. कोंबडी तिच्याभोवती दाणे टिपत होती. मी मनात म्हणत होतो, बाई, ती कोंबडी घे. पण ती उठली आणि तिनं मसाला काढला.

मित्रांनो, तुम्हाला खोटं कशाला सांगू? त्या दिवशी मला तो तुकडा धरून ठेवायचा होता. फाटावा, करपावा, कुणाच्या तोंडी लागू नये, असं वाटत होतं. पण तिनं नेहमीसारखीच वाट पाहिली. आणि मी, इतक्या वर्षांची सवय, तुकडा अलगद सोडून दिला. माझीच मला लाज वाटली.

सुंदररावांनी पहिला घास घेतला. "कुठली ही मरळ?"

"बीडच्या बाजारातली," केशरबाई खाली मान घालून म्हणाली.

त्यांनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं. "लई झ्याक झाली हाय," म्हणाले आणि बोटं चाटत जेवले. त्यांना सगळं कळलं होतं.

तिचं नाव लागलं. डबक्यात एकच मरळ वर येऊ लागली. लोक म्हणाले, कोल्ह्यानं नेली असंल. पुढं पाऊस झाला, तलाव भरला. पण मरळीच्या पिल्लांचा तांबडा घोळका कुणाला दिसला नाही. वाट पाहून लोक थकले, दिवाळीला जाळी पडली, ती रिकामीच वर आली. पारावर बैठक बसली. कुणी आभाळाला शिव्या दिल्या, कुणी नशिबाला.

केशरबाई मला पदराखाली घेऊन आली आणि तिनं मला सगळ्यांच्या मधोमध ठेवलं.

"आभाळाला कशाला बोलता? तळ्याचं बी मी भाजलं. ह्याच तव्यावर. माझं नाव काढून टाका."

सेक्रेटरी धर्मराजनं हळूच विचारलं, "अन् खाल्लं कुणी?"

सुंदररावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी खाल्लं," ते म्हणाले. धोंडीरामची मान काही वर झाली नाही.

तिचं नाव कुणी काढलं नाही. दुसऱ्या तळ्यातून मरळीच्या चार जोड्या आणून सोडल्या. त्याच दिवशी केशरबाईनं माझ्या कडीत दोरी ओवली आणि मला तलावाच्या भिंतीवरच्या बाभळीला टांगलं. तवा टांगलेला असेतो गावात कुणाच्या घरी मासळी भाजायची नाही, असं ठरलं.

आज दुसरा पावसाळा चालू आहे. माझ्या काळ्याभोर अंगावर गंजाचे पापुद्रे आलेत. जाणारे-येणारे हळहळतात, "मावशी, चांगला तवा सडला की! कवा उतरवायचा?"

"पिल्लं दिसू दे," ती म्हणते. रोज सकाळी येते, काठाशी बसते, पाण्यावर तांबडं काही हलतं का ते बघते. अजून तरी नाही.

मित्रांनो, माझी कीव करून मला पुसायला, तेल लावायला येऊ नका. आधी खाली वाकून पाणी बघा.