कंटेनरची आतली कडी

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं कंटेनर यार्डात मुकादमी केली आणि निवृत्त झाल्यावर राहायला घर म्हणून घेतलं काय, तर कंटेनर. वीस फुटी, निळा, एका टोकाला पत्र्याचं जाडजूड दार. लोक हसले. मी नाही हसले. मला त्या घरात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे दाराला आतून कडी.

सव्वीस वर्षं मी थोरल्या जाऊबाईंच्या घरात मधल्या खोलीत काढली. नावाला खोली, एरवी तो रस्ताच. घरातल्या झाडून साऱ्या गाद्या, उशा आणि पांघरुणं त्या खोलीतल्या कपाटात. मी कपडे बदलत असो, नाहीतर डोकं दुखतंय म्हणून पडलेली असो, जाऊबाई दार ढकलून आत. उशी काढते गं, एवढं म्हणायच्या आणि काढायच्या. दाराला पूर्वी कडी होती, ती मोडली, आणि माझ्याखेरीज कुणाचं काही अडलं नाही म्हणून मोडलेलीच राहिली. रोज साडेपाचला उठायचं, जाऊबाईंच्या खोलीत जाऊन पंपाचं बटण दाबायचं, टाकी भरायची, साऱ्या घराचा चहा करायचा, आणि एवढं करून आपल्याला एक कडी मिळू नये? मी आतल्या आत धुमसत राहायचे.

कंटेनरची घरं करून विकणारा माणूस मोठा गोडबोल्या. त्याने मला बोटाच्या ठशाने उघडणारं कुलूप दाखवलं, मोबाइलवरून उघडणारं दाखवलं. मी म्हटलं, कडी. सरकवली की खणखणीत आवाज आला पाहिजे, बाहेरच्याला कळलं पाहिजे. त्याने ती कुठूनशी पैदा केली. ह्यांची मागणी वेगळी होती. खिडक्यांना हाताच्या अंगठ्याएवढ्या जाड गजांची जाळी, वेल्डिंग करून. चोर आला तर, म्हणाले. आमच्याकडे चोराने न्यावं असं काय होतं, देव जाणे.

थोरल्या घराच्या परसातल्या कोपऱ्यात, कुंपणाच्या भिंतीजवळ, काँक्रीटचे चार ठोकळे आधीच करून ठेवले होते. नळाच्या आणि सांडपाण्याच्या जोडण्या घालायला प्लंबर सकाळपासून येऊन बसला होता. ट्रेलरवरून कंटेनर आधी परसात मधोमध उतरवला. क्रेनवाल्याने जरा दम खायचा म्हटल्यावर मी चहा टाकायला आत गेले. तेवढ्यात जाऊबाई कंटेनर बघायला शिरल्या. नावं ठेवायलाच शिरल्या असणार, मी त्यांना ओळखून आहे.

ह्यांची यार्डातली शिस्त अशी की कंटेनर उचलण्याआधी पत्र्यावर तीनदा हात मारायचा. आत कुणी असेल तर ओरडेल. ह्यांनी तीनदा हात मारला. जाऊबाई तेव्हा मोरीतला नळ तपासत होत्या. त्यांना वाटलं आत येऊ का म्हणून कुणीतरी विचारतंय. आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारतंय म्हटल्यावर त्यांनीही भिंतीवर तीनदा टकटक केलं. आमचे हे समाधानाने म्हणाले, पत्रा चांगला आहे, घुमतो. आणि क्रेनवाल्याला हात वर केला.

मी चहा घेऊन बाहेर आले तोवर घर बसलं होतं. हे दोन्ही हात कमरेवर ठेवून अभिमानाने बघत होते. मी तीन बाजूंनी फिरून आले. चौथीकडे जाता येत नव्हतं.

"दार कुठाय?" मी विचारलं.

"भिंतीकडे," हे म्हणाले. "वीतभर अंतर ठेवलंय. आता कुणाच्या बापाला उघडता यायचं नाही."

एकतीस वर्षं या माणसाने प्रत्येक कंटेनर दाराचं तोंड भिंतीकडे करून ठेवला होता, म्हणजे माल चोरीला जात नाही. हात आपसूक तसेच हलले. माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. आणि मग खिडकीच्या गजांतून जाऊबाईंचा चेहरा दिसला. घर मधेच का हललं, असं त्या विचारत होत्या.

क्रेनवाल्याला हाक मारायला सगळे धावले, पण क्रेन रस्त्याला लागली होती. फोनवर तो म्हणाला की आता पुलाचं काम आहे, नऊ दिवसांनी येईन. दुसरी क्रेन आमच्या गल्लीच्या वळणावर वळेना. अग्निशमनवाल्यांना बोलवा म्हटलं, तर हे आडवे आले. ते लोक पत्रा कापतील आणि कापलेल्या पत्र्याची हमी कंपनी देत नाही. वेल्डर येऊन जाळी बघून गेला. म्हणाला, अशी मजबूत जाळी मी दुसरी पाहिली नाही, कापायला जीव होत नाही. तोवर प्लंबरने खालून सगळ्या जोडण्या करून टाकल्या होत्या, थोरल्या घरातून विजेची वायरही ओढली होती. नळाला पाणी आलं, दिवे लागले, आणि जाऊबाई आतून म्हणाल्या की माझ्यासाठी काही कापू नका, नऊ दिवस काय, चुटकीसरशी जातील.

तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

त्या नऊ दिवसांत मी माझ्या घराला खिडकीतून जेवण पुरवलं. ताट गजांतून जाईना, म्हणून वाट्या एकेक करून आडव्या-तिडव्या आत द्यायच्या. पहिल्या दिवशी जाऊबाईंनी त्यांची उशी मागवली, ती गुंडाळून दोरीने बांधून कोंबावी लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा ओटा पुसला. तिसऱ्या दिवशी माझे डबे उंचीप्रमाणे लावले. माझ्या घरात माझ्याआधी दुसरीच बाई नांदत होती, आणि मी बाहेर उभी राहून तिला चहात साखर किती विचारत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

इकडे थोरल्या घरात भावजींची त्रेधा उडाली. गाळणं कुठे, चष्मा कुठे, विजेचं बिल कुठे, प्रत्येक गोष्टीला ते परस ओलांडून खिडकीशी यायचे. पहिले तीन दिवस जाऊबाईंनी उत्तरं दिली. चौथ्या दिवशी त्यांनी पडदा ओढला. भावजी पडद्याला म्हणाले, अगं, निदान माझे मोजे तरी सांग. पडदा काही बोलला नाही. दुपारी मी वाट्या घ्यायला गेले तर आतून मला घोरण्याचा आवाज आला. जाऊबाई दिवसा झोपलेल्या मी सव्वीस वर्षांत पाहिल्या नव्हत्या.

दहाव्या दिवशी सकाळी क्रेन आली. प्लंबरने जोडण्या सोडल्या. हे पत्र्यावर तीनदा हात मारायला गेले, मी त्यांचा हात धरला. जाऊबाईंना पलंगाला धरून बसायला सांगितलं. घर वर गेलं, हवेत गर्रकन फिरलं आणि दार मोकळ्या परसाकडे तोंड करून बसलं. मी धावतच गेले, हँडलला हात घातला आणि ओढलं. दार हललं नाही. कडी आतून लावलेली होती.

माझी कडी. मी मागून घेतलेली, आणि अजून एकदाही न सरकवलेली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, रागाने की कशाने कोण जाणे. मी दारावर हात आपटला. म्हटलं, ताई, उघडा, पुरे झालं.

"अजून एक दिवस राहू दे," जाऊबाई आतून म्हणाल्या.

मग माझा तोल गेला. सव्वीस वर्षांचं सगळं मी त्या पत्र्याला ऐकवलं. कपाट, गाद्या, मोडलेली कडी, ढकललेलं दार, एकही उशी सोडली नाही. हे, भावजी, क्रेनवाला, प्लंबर, सगळे खाली मान घालून उभे होते.

"रोज साडेपाचला माझ्या खोलीत पंप लावायला कोण यायचं गं?" जाऊबाई म्हणाल्या. "तू तरी कधी दार वाजवलंस?"

पंप तर लावायलाच लागतो, बटण त्यांच्या खोलीत आहे त्याला मी काय करू, हे सगळं जिभेवर होतं. पण मला ती खोली आठवली. अंधारात मी दिवा लावायचे, बटण दाबायचे, टाकी भरली की पुन्हा जाऊन बंद करायचे, आणि पलंगावर त्या कूस बदलायच्या. त्या उठतात की झोपतात, बऱ्या आहेत की आजारी, मी बघायचेही नाही. मला माझी मेलीची लाज वाटली.

मी क्रेनवाल्याला जायला सांगितलं, प्लंबरला जोडण्या पुन्हा घालायला लावल्या. भावजींना गाळण्याची जागा दाखवली. प्लंबरच्या ओळखीचा वायरमन होता, त्याला बोलावून घेतला आणि पंपाचं बटण जाऊबाईंच्या खोलीतून काढून मागच्या ओसरीवर बसवून घेतलं. भिंतीला भोक पाडताना भावजी कुरकुरले, पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी दाराशी गेले. बोटाने दोनदा वाजवलं आणि थांबले. थांबायची सवय नसल्यामुळे हातांचं काय करावं ते कळेना. मग खणकन आवाज आला आणि दार उघडलं. जाऊबाईंनी फरशीसुद्धा पुसून ठेवली होती. बटण ओसरीवर नेलंय, मी म्हटलं. ठोकण्याचा आवाज आला काल, त्या म्हणाल्या. आणि माझ्या दंडाला हात लावून परस ओलांडून त्यांच्या घरी गेल्या.

मी आत शिरले, दार लावलं, कडी सरकवली. पलंगावर बसले. डबे उंचीप्रमाणे लावलेले होते, ते मी तसेच राहू दिले. पाच मिनिटं झाली असतील नसतील, दारावर टकटक झाली.

"कोण?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"मी आहे," जाऊबाई बाहेरून म्हणाल्या. "माझी उशी राहिली आत."

मी उशी उचलली, जरा झटकली. कडी काढायला थोडा वेळ लावला, आणि तेवढा वेळ त्या बाहेर थांबल्या.