काचेवरची माय

माझ्या गालावर वाटाण्याएवढा काळा तीळ आहे. चाळिशी उलटली, तरी सौंसरच्या बाजारात लोक आधी तिळाशी बोलतात, मग माझ्याशी. आन् घरी भिंतीवरच्या जुन्या फोटोत माझी माय यमुना पाहा! गाल कसा, घासलेल्या ताटासारखा साफ होता. मी जन्मली आन् ती गेली. बापानं दुसरं लग्न केलं, मी तीन वर्षांची असताना तोही गेला. मले वाढवलं सावत्र मायनं, कलामायनं, आपल्या माहेरी सौंसरले आणून. तिनं यमुनेले पाहिलंच नव्हतं, फक्त फोटो पाहिला. भाकर थापता थापता ती म्हणे, "मंगले, मायचं तुझ्यावर काहीच नाही आलं व." तिच्या मनात काही नसे. मले मात्र ते लय लागे.

चौऱ्याऐंशी साली त्या फोटोले वाळवी लागली. मायची तेवढीच तर निशाणी! त्या काळी फोटो आधी काचेवर उमटे, काळ्याचं पांढरं न पांढऱ्याचं काळं होऊन, मग त्यावरून कागदावर काढत. म्हणजे काच असली तर माय पुन्हा मिळणार होती. तेवढ्यात कळलं, पांढुर्ण्याच्या ज्या स्टुडिओत मायचा फोटो काढला, तिथले यशवंतराव आता थकले, आन् त्यांचा मुलगा मनोहर जुन्या काचा धुऊन देवाच्या तसबिरींत बसवून राहिला.

"अव, ऊन तर उतरू दे," कलामाय म्हणे.

"तोवर मायले धुऊन टाकतील न!" म्हणत मी बसमध्ये चढली.

स्टुडिओच्या मागच्या अंगणात मनोहर टब भरून सोड्याचं गरम पाणी घेऊन बसला होता. बाजूले काचांची चळत.

"थांब भाऊ! हात लावशील तर पाहा!"

तो दचकलाच. "काय पाहिजे, बाई?"

"माझी माय पाहिजे."

"इथं तर अर्ध्या पांढुर्ण्याच्या माया आहेत," तो हसला. पण माणूस चांगला. मी सोबत आणलेल्या फोटोमागच्या नंबरावरून त्यानं काच शोधून दिली. धुवायच्या चळतीत वरून दुसरीच होती, बाप्पा! मी ती उन्हात धरली. काळ्या तोंडाची, पांढऱ्या केसांची माझी माय. हसूही आलं न रडूही.

आवाज ऐकून यशवंतराव बाहेर आले. चष्मा लावून आधी काच पाहिली, मग माझा गाल.

"तू यमुनेची लेक काय?"

"नाव आठवते तुमाले?"

"भांडण आठवते. तिच्या गालावर असाच तीळ होता. मी काचेवर पेन्सिल चालवून बुजवला. सगळ्यांचेच बुजवत होतो, लोक खूश होत. तुझी माय फोटो न्यायले आली, पोटुशी होती, आन् भरल्या दुकानात कडाडली. 'ही कोण बाई? माझा तीळ काऊन खाल्ला तुम्ही? उद्या माझं लेकरू हा फोटो पाहीन, तर मले ओळखीन कसं?' मी म्हटलं, सध्या हा ठेवा, पुढच्या बाजारी दुसरा काढून ठेवतो."

"मग?"

"मग ती आलीच नाही."

माय माझ्यासाठी भांडली होती, मी पोटात असताना.

यशवंतरावांनी कापसाच्या बोळ्यावर टर्पेंटाईन घेतलं. "पुसू?"

"चाळीस वर्षं लावली, आन् आता विचारून राहिले!"

"तीच आहे ही, तीच," ते मनोहरले म्हणाले, न हलक्या हातानं पुसू लागले.

मी काच पुन्हा उन्हात धरली. मायच्या काळ्या गालावर मोहरीएवढी जागा लख्ख झाली होती, आन् तिच्यातून ऊन आरपार येत होतं. माझा हात आपोआप माझ्या गालावर गेला.

"छान मोठा फोटो काढून ठेवतो," यशवंतराव म्हणाले. "पुढच्या बाजारी येऊन घेऊन जा."

"नाही काका," मी म्हटलं, आन् तिथंच पायरीवर बसली. "पुढच्या बाजारी नाही. आजच काढा."